कर्नाळ्याचे रान आणि धनेश पक्षी

पनवेलहून पेणच्या वाटेने निघालेल्या प्रवाशास दहा-बारा किलोमीटरच्या आतच डाव्या हातास एक विलक्षण सुळका दिसू लागतो. डोंगराच्या माथ्यावर कोणी अंगठा उभा करून धरावा तसा दिसणारा हा सव्वाशे फूट उंचीचा काळा कातळ म्हणजे कर्नाळ्याच्या किल्ल्याची खूण होय. बोरघाटाने देशावर चढणारा व पनवेल, आपटे या बंदरांकडे उतरणारा व्यापार या किल्ल्याच्या नजरेखालून जात असे. म्हणूनच यादवांपासून इंग्रजांपर्यंत प्रत्येक सत्तेला त्याचा मोह पडला. १५४० साली अहमदनगरच्या निजामशाहीने तो गुजरातच्या सुलतानाकडून घेतला, तेव्हा सुलतानाने वसईच्या पोर्तुगीजांस मदतीला बोलाविले. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी जे २३ किल्ले मोगलांना दिले त्यांत कर्नाळ्याचे नाव आहे. १६७० साली तो पुन्हा स्वराज्यात आला. पुढे मोगल, पेशवे, आणि १८१८ साली कर्नल प्रॉथरची पलटण. पायथ्यानजीकच्या शिरढोण गावी १८४५ साली वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला, हेही येथे सांगितले पाहिजे.

किल्ल्याचा इतिहास असा तहांनी व मोहिमांनी भरलेला आहे. परंतु त्याच किल्ल्याच्या उतारावर जे रान उभे आहे त्याची बखर कोणी लिहिली नाही. आंबा, कोशिंब, कळंब, असाणा, नाणा, उंबर, साग अशा झाडांचे हे रान किती वेळा तुटले व किती वेळा पुन्हा वाढले, याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडावयाची नाही. रानाचा इतिहास वाचावयाचा झाल्यास तो झाडांच्या खोडांवर व पाखरांच्या संसारावर वाचावा लागतो. आणि या कामी धनेश पक्ष्यासारखा दुसरा साक्षीदार मिळणे कठीण. कारण या पक्ष्याला दोन वस्तूंवाचून जगता येत नाही. एक म्हणजे वर्षभर फळ देणारे रान, आणि दुसरी म्हणजे आतून पोकळ झालेला जुना वृक्ष. यांपैकी दुसरी वस्तू तयार व्हावयास माणसाच्या दोन-तीन पिढ्या लागतात.

महाराष्ट्रात धनेशाच्या चार जाती आहेत. उंबर-पिंपळ असतील तर शहरातल्या बागांतही येणारा साधा राखी धनेश, सह्याद्रीवाचून इतरत्र कोठेही न सापडणारा मलबारी राखी धनेश, काळापांढरा ककणेर, आणि या सर्वांचा राजा महाधनेश, ज्यास कोकणात पुष्कळ ठिकाणी गरुड म्हणतात. विष्णूच्या वाहनाशी या फलाहारी पक्ष्याचा वास्तविक काही संबंध नाही. पण चार फूट लांबीचा तो देह, पिवळी धमक चोच, तिच्यावर टोपासारखे शिंग, आणि उडताना पंखांतून निघणारा आगगाडीच्या इंजिनासारखा फूत्कार ज्याने एकदा पाहिला-ऐकला, त्याला दुसरे नाव सुचले नाही तर नवल नाही. राखी धनेश त्यामानाने साधा, दोन फुटांच्या आतबाहेरचा, धुरकट रंगाचा. मलबारी राखी धनेशाच्या चोचीवर तर शिंगही नसते. मात्र त्याचा आवाज असा की रानात कोणी वेडसर माणूस मोठ्याने हसत आहे असे वाटावे.

कर्नाळ्याच्या पक्ष्यांच्या यादीत मलबारी राखी धनेशाचे नाव आहे. महाधनेशाविषयी जुन्या पक्षिग्रंथांत असे लिहिलेले आढळते की, पश्चिम घाटातील त्याच्या वस्तीची उत्तर सीमा खंडाळ्यापाशी संपते. नकाशा उघडून पाहिला तर खंडाळा आणि कर्नाळा जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. किंबहुना कर्नाळाच किंचित उत्तरेस भरेल. म्हणजे ज्या किल्ल्याने इतक्या राज्यांच्या सीमा पाहिल्या तो या पक्ष्याच्या राज्याच्याही सीमेवरच उभा आहे.

आता धनेशाच्या संसाराकडे वळावयास हरकत नाही. फाल्गुन-चैत्राच्या सुमारास जोडपे जुन्या झाडाची ढोली शोधू लागते. धनेशाची चोच एवढी मोठी असली तरी सुतार पक्ष्याप्रमाणे लाकूड कोरणे तिला जमत नाही. फांदी मोडून, बुरशीने कुजून जी पोकळी आपोआप झाली असेल तीच त्याला स्वीकारावी लागते. ढोली पसंत पडली की मादी आत शिरते आणि आतूनच तिचे दार लिंपून घेते. लिंपण्यास स्वतःची विष्ठा, फळांचा गर, कुजलेल्या लाकडाचा भुगा, आणि काही जातींत नराने आणून दिलेली माती. चोचीच्या कडेने थापटून थापटून ती ही भिंत इतकी घट्ट करते की वाळल्यावर ती फोडणे कठीण जाते. मध्ये राहते ती केवळ एक उभी फट. तिच्यातून नराची चोच आत यावी आणि आतली घाण बाहेर टाकता यावी, एवढीच तिची रुंदी. आत बसल्यावर मादीची पंखांची व शेपटीची पिसे झडून जातात आणि काही आठवडे तिला उडता येत नाही. सर्प, घोरपड, मुंगूस, माकड यांपैकी कोणाचाही हात आत पोहोचत नाही. परंतु तिचा सर्व भार आता बाहेरच्या एका नरावर पडतो.

ही हकीकत विद्वानांच्या ग्रंथांत कशी आली हे पाहण्यासारखे आहे. डेव्हिड लिव्हिंगस्टन याने आपल्या आफ्रिकेतील प्रवासाचा ग्रंथ १८५७ साली प्रसिद्ध केला. त्यात तेथील एका धनेशाची मादी अशीच कोंडून घेते असे त्याने लिहिले आहे. तेथल्या रहिवाशांना ही गोष्ट अर्थातच पूर्वापार ठाऊक होती. आत बसून मादी लठ्ठ होते व लोक तिला चवीने खातात, आणि नर मात्र राबून इतका रोडावतो की एकाएकी थंडी पडली तर गारठून मरतो, असे त्यांनी त्याला सांगितले होते. १८६९ साली दोन वृत्तांत आले. आल्फ्रेड रसेल वॉलेसने मलाया द्वीपसमूहावरील आपल्या ग्रंथात सुमात्रातील एका ढोलीची कथा दिली: फटीतून चोच बाहेर काढून बसलेली मादी, आणि तिच्या पोटाखाली एकही पीस नसलेले, जेलीच्या पिशवीसारखे मऊ पिलू. त्याच सुमारास चार्ल्स हॉर्न या मुलकी अधिकाऱ्याने आपल्या मैनपुरीच्या राखी धनेशाची टिपणे लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे मांडली, आणि भिंत घालणारी स्वतः मादीच आहे हे नोंदविले.

यापूर्वी व यानंतरही पुष्कळांनी या गोष्टीवरून नीतिपाठ काढले. कोणी नरास मत्सरी पती ठरविले, कोणी मादीस पतिव्रता. पाखराच्या ढोलीतही माणसाने आपल्याच घरातली भांडणे पाहावीत याला काय म्हणावे? वस्तुतः भिंत घालणारी तीच, प्रसंगी ती फोडणारीही तीच. महाधनेशाच्या जातीत पिलू अर्धेमुर्धे वाढले की मादी भिंत फोडून बाहेर येते, आणि पुष्कळदा आतले पिलू आपल्या कोवळ्या चोचीने ती पुन्हा लिंपून घेते! नंतर आईबाप दोघेही चारा आणू लागतात. मलबारी राखी धनेशात मात्र मादी शेवटपर्यंत पिलांबरोबरच राहते. एकूण कोंडवास सुमारे तीन महिन्यांचा.

मुंबईत या पक्ष्याला जो मान मिळाला त्याचा इतिहास तर फारच मौजेचा आहे. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ गृहस्थांनी मिळून मुंबईत निसर्गेतिहासाची एक संस्था काढली. तिलाच पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी हे नाव रूढ झाले. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन असे दोन मराठी डॉक्टर होते. पहिले प्रार्थना समाजाचे संस्थापक म्हणून प्रसिद्ध आहेत, आणि दुसरे वनस्पतिशास्त्राचे गाढे व्यासंगी. संस्थेचे बिऱ्हाड काही काळ फोर्टात फोर्ब्स स्ट्रीटवर हर्बर्ट फिप्सन या मद्यविक्रेत्याच्या पेढीत होते. तेथे १८९४ साली कारवारहून महाधनेशाचे एक तीन महिन्यांचे पिलू आले. त्याचे नाव विल्यम ठेवण्यात आले. प्रथम फिप्सन व १९०६ पासून मिलर्ड, अशा दोन चिटणिसांच्या कारकिर्दी या पक्ष्याने पाहिल्या. मिलर्डच्या खुर्चीमागेच त्याचा पिंजरा असे, आणि येणारेजाणारे थट्टेने त्यास ऑफिसातली कॅनरी म्हणत. तीस फुटांवरून फेकलेला टेनिसचा चेंडू तो चोचीत अचूक झेली. रानउंबरांखेरीज जिवंत उंदीर, विंचू व कच्चे मांस यांवरही तो ताव मारी. पाणी मात्र तो वेगळे पीत नसे; अन्नातील रसावरच त्याचे भागत असावे.

केरळात वेळाम्पल या पक्ष्याविषयी, म्हणजे धनेशाविषयीच, अशी समजूत आहे की तो तहानेने व्याकुळ होऊन पावसाची वाट पाहत राहतो. आपल्याकडे कवींनी चातकाला जी जागा दिली तीच तिकडे धनेशाची. फोर्ब्स स्ट्रीटवरच्या पिंजऱ्यात या लोकसमजुतीच्या मुळाचा असा उलगडा व्हावा ही गंमतीची गोष्ट आहे. पाण्यावर उतरताना हा पक्षी सहसा कोणाला दिसला नाही, म्हणून लोकांनी त्याला तहानेला मानले. वास्तविक त्याची तहान उंबराच्या गरानेच भागलेली असते.

एकदा जळता सिगार गिळूनही विल्यमला काही झाले नव्हते. परंतु १९२० साली तारेचा एक तुकडा त्याने गिळला आणि त्यातच त्याचा अंत झाला. सव्वीस वर्षे त्याने मुंबईच्या विद्वानांना सोबत केली. १९३३ साली संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण झाली तेव्हा तिच्या बोधचिन्हावर धनेश आला. आज संस्थेच्या इमारतीचे नावही त्याच्याच नावावरून पडलेले आहे. मात्र एक विचार मनात आल्यावाचून राहत नाही. शहरात ज्या काळात विल्यमचे कोडकौतुक चालले होते त्याच काळात कोकणातील डोंगर मुंबईच्या चुलींसाठी, कोळशासाठी आणि इमारती लाकडासाठी उघडे पडत होते.

धनेशाचा आहार हा या कथेतील सर्वांत महत्त्वाचा भाग. वड, पिंपळ, उंबर, पायर, नांद्रुक या एकाच कुळातील झाडांवर त्याची मुख्य भिस्त असते. याचे कारण असे की इतर झाडांना ठरावीक ऋतूतच फळ येते. पण उंबरवर्गातील झाडे एकाच वेळी फळत नाहीत. एक वड चैत्रात लाल होतो, तर शेजारचा श्रावणात. त्यामुळे रानात अशी पुरेशी झाडे असली म्हणजे वर्षाचा कोणताही महिना उपाशी जात नाही. परंतु पिलांच्या वाढीस नुसती उंबरे पुरत नाहीत. त्यांना तेलकट, गरदार फळे लागतात. रानजायफळ, धूप यांसारख्या घाटरानातील वृक्षांची फळे या मोसमात पिकतात. शिवाय किडे, सरडे, लहान पाखरांची पिले यांचाही खुराक असतो. आणि काजऱ्याचे फळ! ज्या झाडाच्या बियांपासून माणूस जालीम विष काढतो त्याच्या फळांवर ककणेर खुशाल ताव मारतो. बिट्टीचे विषारी फळ राखी धनेशाला पचते असेही पाहण्यात आले आहे.

नर चाऱ्याला गेला की एकदोन फळे चोचीत घेऊन परत येत नाही. तो पुष्कळशी फळे गळ्यात साठवितो आणि ढोलीपाशी आल्यावर एकेक वर काढून फटीतून मादीच्या चोचीत देतो. बिया पोटात न मोडता तशाच बाहेर पडतात. काही ढोलीखाली, काही मैलभर दूर एखाद्या विश्रांतीच्या झाडाखाली. धनेशाची ढोली शोधणारे अभ्यासक वर पाहण्याआधी खाली पाहतात, कारण बुंध्याशी बियांचा सडा आणि गेल्या वर्षीच्या बियांची रोपे दिसली की वर बिऱ्हाड आहे असे समजावयाचे. मोठ्या बियांची जी झाडे आहेत त्यांची फळे लहान पाखरांच्या गळ्यातून उतरत नाहीत. त्यांना डोंगराच्या या उतारावरून त्या उतारावर नेणारे वाहन म्हणजे हाच पक्षी. म्हणजे रानाने धनेशाला पोसावे आणि धनेशाने रान लावावे असा हा जुना करार आहे.

या करारात माणूस शिरला तो कुऱ्हाड घेऊन. मात्र सर्वच काळी त्याने अविचार केला असे म्हणता येणार नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्यासंबंधी जे नियम आहेत ते सुप्रसिद्ध आहेत. आंबा, फणस यांची लाकडेही उपयोगाची. परंतु रयतेने लेकराप्रमाणे वाढविलेल्या या झाडांस तिच्या संमतीवाचून हात लावू नये, आणि एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल तरच धन्यास राजी करून ते घ्यावे, असा त्यांचा आशय. या दूरदृष्टीचे कौतुक करावे तितके थोडेच. पण धनेशाच्या बाजूने पाहिले तर येथेच एक पेच दिसतो. जे जीर्ण झाड माणसास तोडण्याजोगे वाटते, पोकळ व निरुपयोगी म्हणून ज्याचा कोणी विचार करीत नाही, तेच धनेशाचे घर. पुढे वनखात्याच्या लाकूडहिशेबातही कित्येक पिढ्या हीच दृष्टी कायम राहिली. सरळ सोटाचा साग तेवढा मोलाचा, आणि वाकडा, ढोलीचा बेहडा म्हणजे जागा अडविणारा.

कोकणात झाडे वाचली ती बहुतांशी देवांच्या धाकाने. गावदेवाच्या राईत कुऱ्हाड चालवावयाची नाही, या एका नियमाने रत्नागिरी-सिंधुदुर्गात प्रचंड वृक्ष टिकले आणि त्यांच्या ढोलीतून गरुडाची पिढ्यान् पिढ्या बिऱ्हाडे झाली. १८८० साली रत्नागिरीकडील पक्ष्यांची पहिली मोठी यादी प्रसिद्ध करणाऱ्या व्हिडाल साहेबास हे पक्षी त्या मुलखात आढळले होते. आजही रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल फारच थोडे असून बहुतेक रान लोकांच्या खाजगी मालकीचे आहे. त्यामुळे धनेशाचे भवितव्य बरेचसे घरोघरच्या ओसरीवर ठरते: मुलीचे लग्न निघाले, घर शाकारावयाचे झाले, व्यापारी दारात आला, की डोंगरावरचे झाड विकले जाते. या व्यवहाराला नुसता उपदेश पुरत नाही. संगमेश्वर तालुक्यात पुण्याच्या एका संशोधन प्रतिष्ठानाने निराळा मार्ग काढला. बेहड्याचे फळ त्रिफळ्यात पडते. तेव्हा झाड न तोडता फळेच नियमाने गोळा करून परदेशी खरेदीदारास चढ्या भावाने विकावी, म्हणजे उभ्या झाडाचे मोल तोडलेल्या झाडाहून अधिक होईल. २०१५ साली तेथील हिरडा-बेहड्यास फेअरवाइल्ड हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. ज्या बेहड्यांवर हा व्यवहार उभा आहे त्यांतील कित्येकांत महाधनेशाच्या ढोली आहेत.

मळ्यांच्या मुलखात काय घडते याचा अभ्यास दक्षिणेत आनैमलै पर्वतातील वालपारै पठारावर झाला आहे. तेथे गेल्या शतकात दाट पर्जन्यवन तोडून चहा-कॉफीचे मळे झाले, आणि मध्ये मध्ये रानाचे तुकडे राहिले. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या दिव्या मुदप्पा, टी. आर. शंकर रामन प्रभृती अभ्यासकांनी तेथे वर्षानुवर्षे काम केले. त्यांना असे दिसले की कॉफीच्या मळ्यात सावलीसाठी जुने देशी वृक्ष राखले असतील तर महाधनेश तेथेही बिऱ्हाड करतो. जेथे सावलीला परदेशी सिल्व्हर ओकच्या रांगा लावल्या तेथे त्याला ना ढोली मिळत ना फळ. शिवाय मळ्यातला धनेश रानातल्या धनेशाइतकी निरनिराळी फळे खात नाही; उंबरवर्गावर आणि आफ्रिकेतून आणलेल्या एखाद्या झाडाच्या फळांवर त्याला अधिक विसंबावे लागते. कोकणातील काजूच्या व अलीकडे दोडामार्गाकडे पसरलेल्या रबराच्या लागवडीकडे पाहताना हा दाखला ध्यानी ठेवण्यासारखा आहे. काजूची बाग दुरून हिरवीगार दिसते. धनेशाच्या दृष्टीने ते उजाड माळरानच.

कर्नाळ्याच्या रानाला १९६८ साली पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रात पक्ष्यांसाठी राखलेले हे पहिले अभयारण्य. प्रथम ते जेमतेम साडेचार चौरस किलोमीटर होते; २००३ साली वाढवून सुमारे बारा चौरस किलोमीटर करण्यात आले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने धनेशाची शिकार गुन्हा ठरली. तरी सांधेदुखीवर धनेशाच्या चरबीचे तेल गुणकारी अशी जी खुळी समजूत आहे, तिच्यापायी या पक्ष्यांचे बळी देशात ठिकठिकाणी गेले आहेत. विणीच्या दिवसांत एक नर मारला गेला तर मागे झाडात कोंडलेली, पंख झडलेली मादी आणि तिची पिले यांची काय अवस्था होते हे निराळे सांगावयास नको. आंतरराष्ट्रीय सूचीत महाधनेश २०१८ पासून धोक्यात असलेल्या पक्ष्यांत गणला जातो.

या अभयारण्याच्या अंगावरूनच मुंबई-गोव्याचा महामार्ग गेलेला आहे. पूर्वी बैलगाड्या व खटारे जात त्या दिशेने आता रात्रंदिवस मालमोटारी धावतात, आणि रस्ता रुंद करण्याची निकड जसजशी वाढते तसतशी कडेच्या झाडांवर खुणा होऊ लागतात. लोकांना कोकणात लवकर पोहोचावयाचे आहे आणि अपघातही टाळावयाचे आहेत; या दोन्ही मागण्या खोट्या नाहीत. तोडलेल्या एका झाडाबद्दल दुसरीकडे पाच रोपे लावण्याची तरतूद सांगितली जाते. त्या रोपांपैकी एखाद्यात धनेशाला शिरण्याजोगी ढोली होईतो आज शाळेत जाणारी मुले आजोबा झालेली असतील.

ज्येष्ठाच्या अखेरीस पहिला मोठा पाऊस पडतो. तोपर्यंत ढोलीतील पिलांची पिसे पुरी झालेली असतात. भिंत फुटते, मादी नव्या पंखांनी बाहेर येते, आणि तीन महिने राबलेला नर जवळच्या फांदीवर बसून चोच घाशीत असतो. बुंध्याशी भिंतीचे ढेपळे आणि बियांचा सडा पडलेला असतो, आणि त्यांवर पाऊस पडू लागतो.